विश्लेषण : अ‍ॅमेझॉनची जलपर्णी उल्हास नदीत का फोफावते? भिवंडीच्या नळाशी तिचा संबंध काय?

थंडी ओसरून उन्हे तापू लागली, की उल्हास नदीचे एक छायाचित्र दरवर्षी मोबाइलवर फिरू लागते. मोहने-शहाड परिसरातील नदीचे पात्र असते, पण त्यात पाणी दिसत नाही. दिसते ते हिरवेगार मैदान आणि त्यावर फिकट जांभळी फुले. ‘किती सुंदर!’ असे लिहून ते पुढे पाठवणारेही भेटतात. ते मैदान म्हणजे जलपर्णी. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात. तिचे मूळ गाव मात्र इथून अर्धी पृथ्वी ओलांडून, दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे.

भिवंडीत अनेकांना ही कल्याणची बातमी वाटते. ती तशी नाही. ज्या पाण्यावर ही चादर पसरते तेच पाणी शहाडला उचलले जाते, टेमघरला शुद्ध होते आणि भिवंडीच्या नळांना येते. धामणकर नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून आतल्या गल्लीतल्या लूमच्या कारखान्यापर्यंत हा विषय आपला आहे.

भिवंडीला पाणी येते कुठून?

शहराच्या पाण्याचे स्रोत तीन. धामणकर नाक्यापासून जवळच असलेला वऱ्हाळदेवी तलाव हा सर्वात जुना, पण आज त्याचा वाटा अगदी लहान. दुसरा वाटा मुंबई महापालिकेचा. मुंबईकडे जाणाऱ्या भातसाच्या पाण्यातून तो मिळतो. आणि तिसरा, सर्वात मोठा, ‘स्टेम’चा. हे नाव बिलावर आणि पाणी बंदच्या सूचनांमध्ये सतत येते, पण त्याचा अर्थ विचारला तर फार थोड्यांना सांगता येतो. शहाड आणि टेमघर या दोन ठिकाणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते बनले आहे. शहाडला उल्हास नदीतून पाणी उपसायचे आणि भिवंडीजवळच्या टेमघरला ते शुद्ध करायचे, अशी ही योजना. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून ही कंपनी आहे.

मेट्रो ५ च्या नकाशावर धामणकर नाका आणि टेमघर ही दोन्ही स्थानके सापडतील. म्हणजे जिथे आपल्या पाण्यात तुरटी आणि क्लोरिन मिसळले जाते ती जागा नाक्यापासून मोजकीच स्थानके दूर आहे. मात्र त्या पाण्याची खरी गोष्ट टेमघरच्या आधी, नदीतच ठरून गेलेली असते.

उल्हास ही नदी आहे तरी कशी?

लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला, राजमाचीच्या दऱ्यांत उगम. मग कर्जत, नेरळ, बदलापूर, शहाड, कल्याण असा प्रवास करत ती वसईच्या खाडीत जाते. लांबी साधारण १२२ किलोमीटर. पावसाळ्यात ती किती रौद्र होऊ शकते हे २००५ आणि २०१९ च्या पुरांत बदलापूर-कल्याणने पाहिले आहे. पण सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्यांचा स्वभाव असा, की पाऊस गेला की त्या रोडावतात. उल्हासही तशीच रोडावली असती. तिला उन्हाळ्यात पाणी असते यामागे शंभर वर्षांपूर्वीची एक योजना आहे.

मावळात ठोकळवाडी येथे आंद्रा नदीवर टाटांचे धरण आहे. आंद्रेचे पाणी स्वभावाने पूर्वेकडे, म्हणजे इंद्रायणी-भीमा करत बंगालच्या उपसागराकडे जाणारे. ते वळवून, घाटाखाली कोसळवून कर्जतजवळ भिवपुरीला वीज तयार केली जाते. हे केंद्र १९२२ पासूनचे. वीज करून झाल्यावर ते पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते. जे पाणी निसर्गाच्या हिशेबाने पंढरपूरकडे जायचे ते भिवंडीच्या नळाला येते, असे म्हटले तर फार चुकणार नाही. पुढे बदलापूर परिसरात बारवी धरणाचेही पाणी उल्हासमध्ये येते.

या सगळ्याचा जलपर्णीशी संबंध असा : उन्हाळ्यात उल्हास ही मोकळी वाहणारी नदी राहत नाही. वरून मोजून पाणी सोडले जाते, खाली बंधाऱ्यांनी ते अडवले जाते आणि पंप ते उचलतात. बंधाऱ्यामागचे पाणी जवळपास तळ्यासारखे संथ असते. आणि या संथ पाण्यात वाटेतल्या शहरांचे व गावांचे सांडपाणी येऊन मिसळते. उल्हासनगरचा खेमाणी नाला हे त्यातले सर्वात बदनाम नाव, पण तो एकटा नाही. म्हारळ, वरप, कांबा या गावांभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींचे मैलापाणीही नदीचाच उतार शोधते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते आणि बदलापूर ते मोहने हा उल्हासचा पट्टा त्यात होता. भिवंडीचे पाणी उचलले जाते ते याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला.

मग अ‍ॅमेझॉनमध्ये हीच वनस्पती उपद्रव का करत नाही?

अ‍ॅमेझॉनचा आवाका समजून घेतला तर याचे उत्तर मिळते. ही नदी सुमारे ६,४०० किलोमीटर लांब, तिचे खोरे जवळपास ७० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून मोठे. तिच्या मुखातून दर सेकंदाला सरासरी दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात जाते. भिवंडीला ‘स्टेम’कडून दिवसभरात मिळणारे पाणी ७० दशलक्ष लिटरच्या घरात आहे. हा हिशेब मांडला तर भिवंडीचे दिवसभराचे पाणी अ‍ॅमेझॉन अर्ध्या सेकंदाच्या आत समुद्रात ओतते.

पण नुसते भरपूर पाणी हे कारण नाही. खरे कारण त्या पाण्याची चढउतार. ब्राझीलमधील मनौस शहराजवळ नदीची पातळी दरवर्षी सरासरी १० मीटरने वर-खाली होते. तीन मजली इमारत पाण्यात बुडेल आणि पुन्हा कोरडी पडेल, इतका हा फरक. टोकाची वर्षे तर आणखी वेगळी : २०२१ मध्ये मनौसच्या मापकावर पातळी ३० मीटरच्या वर गेली आणि २०२४ च्या दुष्काळात ती साडेबारा मीटरच्याही खाली आली. काठाची जंगले आणि तळी वर्षातले काही महिने पाण्याखाली असतात. तिथले मासे तेव्हा झाडांची फळे खातात.

जलपर्णी याच बदलत्या पाण्यासाठी घडलेली आहे. पाणी चढले की ती त्यासोबत वर येते, कारण तिच्या देठांत हवेचे फुगे असतात आणि मुळे मातीत रुतलेली नसतात. पाणी ओसरले की तिचे मोठे गालिचे काठावर अडकून वाळतात. पूर आला की उरलेले तुटून मुख्य प्रवाहात वाहून जातात. या दोन्हींतून वाचायचे तर मिळेल तेवढ्या काळात झपाट्याने वाढणे आणि बी मागे ठेवणे एवढाच मार्ग उरतो. तिचा तो प्रसिद्ध वेग इथून आला आहे. तिच्या मायदेशी तो वेग केवळ टिकून राहण्यापुरताच पुरतो.

शिवाय तिथे तिला खाणारे आहेत. केवळ तिच्याच पानांवर जगणारे छोटे भुंगे, पाने पोखरणारे कोळीवर्गातील सूक्ष्म कीटक, पाणवनस्पतींवर पोट भरणारा अ‍ॅमेझॉनचा मॅनटी नावाचा सस्तन प्राणी. या सगळ्यांच्या तावडीतून ती सुटली ती माणसाने उचलून दुसऱ्या खंडात नेल्यावर.

तरीही तिथे सगळे आलबेल आहे असे समजू नये. मनौस हे २० लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. तिथल्या शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना ‘इगारापे’ म्हणतात आणि ते मैलापाणी आणि प्लास्टिकने भरलेले असतात. जगातील सर्वात मोठ्या नदीच्या काठावर असूनही शहराचे ओढे शहरासारखेच आहेत.

ती आपल्याकडे पोचली कशी?

फुलांमुळे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरला आणि त्यानेच पुढे या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले. नंतर युरोपातील बागांच्या हौदांत ती शोभेसाठी गेली. अमेरिकेतील तिच्या प्रसाराबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट १८८४ च्या न्यू ऑर्लीन्स येथील प्रदर्शनाची आहे. तिथे पाहुण्यांना भेट म्हणून ही रोपे वाटली गेली म्हणतात. ते प्रदर्शन होते कापसाचे! कापडाच्या शहरात राहणाऱ्यांनी ही नोंद ठेवायला हरकत नाही. काही वर्षांतच दक्षिण अमेरिकी संस्थानांतील नव्हे, तर खुद्द अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील नद्यांत बोटी अडकू लागल्या. १९१० मध्ये लुइझियानाच्या एका लोकप्रतिनिधीने आफ्रिकेतून पाणघोडे आणून ते या नद्यांत सोडावेत, म्हणजे जलपर्णी संपेल आणि लोकांना मांसही मिळेल, असे विधेयकच मांडले होते. ते मंजूर झाले नाही. पाणघोडा किती चिडखोर असतो हे माहीत असलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आली आणि तिथून पसरली. बंगालमध्ये तिने भातशेती, मासेमारी आणि होडीची वाहतूक अशी तिन्हींची कोंडी केली. तिच्यावर उपाय शोधण्यासाठी १९२१ मध्ये नेमलेल्या समितीत जगदीशचंद्र बोस होते. १९३६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानंतरच्या निवडणुकीत जलपर्णी हटवणे हे प्रचाराचे आश्वासन होते. म्हणजे नदीतील वनस्पती काढण्याची घोषणा आणि मत मागणे यांचे नाते आपल्याकडे जवळपास ९० वर्षे जुने आहे.

महाराष्ट्रात आज पुण्याच्या मुळा-मुठा आणि पवना, उजनीचा फुगवटा, पंचगंगा अशी तिची ठिकाणे सगळ्यांना ठाऊक आहेत. पंचगंगेच्या काठी इचलकरंजी आहे, भिवंडीसारखेच यंत्रमागाचे शहर. तिथेही पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आणि केंदाळाचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

इतकी झपाट्याने ती वाढते तरी कशी?

अनुकूल पाण्यात जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण सावकाशीचा, दोन आठवड्यांचा आकडा घेऊ. समजा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंधाऱ्याच्या कोपऱ्यात एक चौरस मीटरचा तुकडा उरला आहे. चटईएवढासुद्धा नाही. २४ आठवड्यांत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत तो १२ वेळा दुप्पट होईल. दोन, चार, आठ, सोळा करत गेलात तर शेवटी ४,०९६ चौरस मीटर, म्हणजे एक एकर आणि वर थोडे उरेल. यातली गंमत शेवटच्या पायरीत आहे. एप्रिलच्या सुरुवातीला अर्धा एकर होता, तो दोन आठवड्यांत एक एकर झाला. ‘परवापर्यंत तर एवढी नव्हती,’ असे नदीकाठचे लोक म्हणतात ते म्हणूनच खरे असते. जानेवारीत ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि एप्रिलमध्ये ती कुणाच्या आवाक्यात राहत नाही.

ही वाढ फुकट होत नाही. तिला नत्र आणि स्फुरद लागते. मैलापाण्यात नत्र असते, कपडे धुण्याच्या पावडरींत आणि मैल्यात स्फुरद असते. स्वच्छ, वाहत्या पाण्यात तिला हे अन्न मिळत नाही आणि ती खुरटी राहते. त्यामुळे जलपर्णीकडे नदीचा रोग म्हणून पाहणे चुकीचे आहे. ती तापमापकातला पारा आहे. वरच्या अंगाला किती सांडपाणी प्रक्रियेविना सोडले जाते, याचा आकडा अहवालात कितीही कमी दाखवला तरी नदी तो हिरव्या शाईत लिहून दाखवते.

नळाच्या पाण्यावर काय परिणाम होतो?

जलपर्णीची दाट चादर पसरली की खालच्या पाण्यात ऊन शिरत नाही. हवेतील प्राणवायूही नीट मिसळत नाही. जुनी पाने कुजून तळाशी बसतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातात. मासे गुदमरतात. काही जातींच्या डासांच्या अळ्या तर थेट तिच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात, त्यामुळे पाण्यावर तेल टाकून त्या मरत नाहीत. पानांवाटे पाण्याची वाफ होऊन जाते ती वेगळी.

पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने अडचणी दोन. पहिली सरळ आहे : पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळ्यांत पाला अडकतो, उपसा कमी होतो, सफाईसाठी पंप थांबवावे लागतात. दुसरी दिसत नाही. कुजलेल्या वनस्पतींचे आणि मैल्याचे सेंद्रिय अंश पाण्यात वाढले की शुद्धीकरणात क्लोरिन जास्त लागते. त्यातले बरेचसे त्या अंशांवरच खर्च होते. शिवाय क्लोरिन आणि सेंद्रिय अंश यांच्या संयोगातून काही नको असलेली रसायने तयार होऊ शकतात, म्हणून कच्चे पाणी जितके स्वच्छ तितके बरे, हा जगभरातील पाणी अभियंत्यांचा पहिला धडा आहे.

याचा अर्थ टेमघरचे पाणी पिण्यायोग्य नाही असा नाही. तुरटीने गाळ बसवणे, वाळूच्या थरांतून गाळणे आणि क्लोरिन देणे ही पद्धत गढूळपणा आणि जंतू यांच्यासाठी उत्तम आहे. पण पाण्यात विरघळलेले क्षार आणि बरीचशी रसायने ती काढू शकत नाही. त्यामुळे ‘पुढे शुद्ध होतेच की’ हे वरच्या अंगाला सांडपाणी सोडणाऱ्यांचे उत्तर असू शकत नाही. आणि भिवंडीत जे घर पाण्याचे बिलही भरते आणि वर रोज फिल्टरचा जारही विकत घेते, ते या दुर्लक्षाची किंमत आधीच मोजत आहे. ती कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, एवढेच.

यंत्राने काढून टाकली, की काम झाले?

दाट वाढलेल्या एक एकर जलपर्णीचे वजन शंभर टन किंवा त्याहून जास्त भरते. त्यातले सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे डंपर भरभरून आपण मुख्यतः नदीचेच पाणी वाहून नेत असतो. काठावर टाकली तर ती पावसात परत नदीत येते.

तिचे खत करा, टोपल्या विणा, असे प्रयोग आसाम आणि बंगालमध्ये होतात आणि ते चांगले आहेत. पण एक खबरदारी आहे. ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू मुळांत शोषून साठवते. ज्या नदीत कारखान्यांचे पाणी येते तिथल्या जलपर्णीचे खत तपासणीशिवाय भाजीच्या मळ्यात जाऊ नये.

तणनाशक फवारण्याचा मार्ग स्वस्त वाटतो. पिण्याच्या पाण्याच्या नदीत तो का नको, हे वेगळे सांगायला हवे का? रसायनाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मेलेली वनस्पती कुठेच जात नाही. ती तिथेच बुडते, कुजते आणि तिच्यात साठलेले सगळे अन्न पुढच्या पिढीसाठी पाण्यात परत देते.

आता पुन्हा ते दुपटीचे गणित. यंत्रांनी ९५ टक्के जलपर्णी काढली, फोटो निघाले, असे समजू. उरलेल्या ५ टक्क्यांना पुन्हा पहिल्याइतके व्हायला साडेचार वेळाही दुप्पट व्हावे लागत नाही. म्हणजे साधारण नऊ आठवडे. शिवाय बी आहेच. ते तळाच्या गाळात १५ वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते.

पावसाळ्यात उल्हासचा पूर हे काम एका रात्रीत, फुकटात करतो. सगळी चादर तुटून खाडीत जाते. खाऱ्या पाण्यात ती तगत नाही. पण मरण्याआधी ती खाडीतल्या मासेमारांच्या जाळ्यात भरते आणि काठाला कुजते. काल्हेर-कशेळीच्या बाजूने खाडी पाहणाऱ्यांना हे हिरवे बेट नवे नाही.

मग तिचे शत्रूच आणले तर?

हा प्रयोग झालेला आहे. जलपर्णीवरच जगणारे दक्षिण अमेरिकी भुंगे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले आणि बेंगळूरुच्या तळ्यांत सोडले गेले. दुसऱ्या कशावर ते जगत नाहीत, याची आधी खात्री करून घेतली होती. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात याच भुंग्यांनी मोठे काम केले. अर्थात तिथे त्याच काळातील वादळी हवामानाचाही हात होता, असे काही अभ्यासक मानतात.

उल्हासमध्ये अडचण वेगळी आहे. भुंग्यांना संख्येने वाढायला दोन-तीन वर्षे सलग जलपर्णी लागते. इथे दर जुलैमध्ये पूर सगळे वाहून नेतो, जलपर्णीबरोबर भुंगेही. आणि दर उन्हाळ्यात यंत्रे येतात. त्यामुळे संथ तलावांसाठी हा उपाय विचारात घेण्याजोगा आहे, बंधाऱ्यांच्या नदीसाठी त्यावर भिस्त ठेवणे हे स्वतःचीच समजूत घालणे होईल.

नदी एक, हद्दी अनेक

अ‍ॅमेझॉनचे खोरे असलेल्या आठ देशांनी १९७८ मध्ये एक करार केला. बोलिव्हिया, ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर, गयाना, पेरू, सुरिनाम आणि व्हेनेझुएला. त्याची पुढे कायमस्वरूपी संघटना झाली. तिचे मुख्यालय ब्राझिलियात आहे. या देशांत आपसांत सीमेचे वाद आहेत, सरकारे एकमेकांच्या विरोधी विचारांची आहेत, तरी नदीसाठी ते एका टेबलावर बसतात. बसले की सगळे सुटते असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बेलेम येथील शिखर परिषदेत जंगलतोड शून्यावर आणण्याच्या समान उद्दिष्टावर त्यांचे एकमत होऊ शकले नाही. पण निदान कोण काय करत नाही, हे त्या टेबलावर उघड होते.

उल्हासच्या काठी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली अशी शहरे आहेत, मधे ग्रामपंचायती आहेत, औद्योगिक वसाहती आहेत. प्रत्येकाची जबाबदारी आपल्या हद्दीपुरती. कल्याणच्या नदीतील जलपर्णी काढायची कोणी, यावर पाटबंधारे विभाग, महापालिका आणि पाणी उचलणाऱ्या संस्था यांच्यात दरवर्षी बोट दाखवण्याचा कार्यक्रम होतो. राष्ट्रीय हरित लवादात ‘वनशक्ती’ या संस्थेने २०१३ मध्ये दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने संबंधित स्थानिक संस्थांना आणि औद्योगिक महामंडळाला दंड केला. त्यानंतर काही नाले वळवले गेले, काही केंद्रे उभी राहिली. पारा मात्र दर उन्हाळ्यात चढतोच आहे.

इथे ‘स्टेम’चे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. तीन महापालिका आणि एक जिल्हा परिषद पाणी उचलण्यासाठी आणि वाटून घेण्यासाठी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. म्हणजे हद्दी ओलांडून काम करणे अशक्य नाही. पण ही कंपनी नदी राखण्यासाठी नाही, ती पाणी पुरवण्यासाठी आहे. जे उपसतात त्यांची एकजूट झाली. ते ज्यात सोडतात त्यांच्याबरोबर एका टेबलावर बसण्याची सोय कोणी केलेली नाही. भिवंडी महापालिका ‘स्टेम’ची भागीदार आहे. बदलापूरपासून शहाडपर्यंतच्या प्रत्येक नाल्याचे पाणी दर महिन्याला तपासून ते आकडे जाहीर करा, ही मागणी तिच्या प्रतिनिधींनी संचालक मंडळात करायला हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

भिवंडीने मात्र स्वतःला केवळ सोसणारे शहर समजू नये. कामवारी नदी याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, खोणी-शेलार, नदीनाका करत शहराला वळसा घालते आणि खाडीला मिळते. ती ना टाटांच्या धरणाची ऋणी आहे, ना वरच्या अंगाला दुसरे शहर आहे. तिच्यात जे काही आहे ते आपले आहे. घरांचे मैलापाणी, डाईंगचे रंगीत पाणी. ताण्याच्या सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचे पिठूळ पाणी तर नदीतल्या जंतूंसाठी मेजवानीच असते, आणि ते पचवताना पाण्यातला प्राणवायू संपतो. नदीनाक्यावर जलपर्णी दिसली तर बोट दाखवायला तिथे कल्याण नाही, उल्हासनगर नाही.

वऱ्हाळदेवी तलावाचेही तसेच. त्याच्या चारही बाजूंना आता शहर आहे. संथ पाणी आणि वस्ती एवढे दोन घटक तिथे तयार आहेत. तिसरा, म्हणजे नाल्यातून येणारे मैलापाणी, त्यात जाऊ द्यायचे की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.

काढायचीच असेल तर केव्हा?

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये. पूर ओसरल्यावर बंधाऱ्यांच्या कोपऱ्यांत, नाल्यांच्या तोंडाशी आणि झाडांच्या मुळांत जे तुकडे अडकून राहतात ते तेव्हा चौरस मीटरमध्ये मोजता येतात. होडी, चार माणसे आणि हातजाळी एवढ्यात काम होते. नंतर दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारावी लागते, कारण दुपटीचा काळ तेवढाच आहे. याला ना उद्घाटन लागते ना मोठे यंत्र, आणि छायाचित्रात दाखवण्यासारखे त्यात काही नसते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यंत्रे नदीत उतरतात ती जांभळ्या फुलांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. तोवर ती फुललेली असते आणि बी तळाच्या गाळाच्या वाटेला लागलेले असते.